तरंगत्या चौकटीची रुंदी

चित्र पानाच्या कडेला लावायचे आणि मजकूर त्याच्या बाजूने वाहता ठेवायचा, ही छापील पानमांडणीची जुनी रीत. वेबपानावर तीच रीत आणण्यासाठी सीएसएसमध्ये 'फ्लोट' आला. चौकट डावीकडे किंवा उजवीकडे सरकते आणि तिच्यानंतरचा मजकूर उरलेल्या जागेतून पुढे जातो. वेबपाने बनवायला शिकणाऱ्याला एवढे लवकर समजते. पण सरकण्याआधी त्या चौकटीने किती रुंद व्हायचे, हे कोण ठरवते? शिकवताना हा प्रश्न अनेकदा दोन वाक्यांत उरकला जातो, आणि पुढे पान मोडले की शिकणारा आकडे बदलत बसतो: ३० टक्के करून पाहा, २९ करून पाहा, २८.५ करून पाहा. पान सुधारते, पण का सुधारले ते कळत नाही. हे पुस्तक त्या राहिलेल्या प्रश्नापासून सुरू होते.

साधा परिच्छेद किंवा मथळा आपल्या कंटेनरची सगळी रुंदी व्यापतो, आत एकच शब्द असला तरी. त्याच चौकटीला फ्लोट दिला की ती आक्रसून मजकुराला बिलगते. मजकूर वाढवत नेला की तीही वाढते, एका टप्प्यावर थांबते आणि मग मजकूर दुसऱ्या ओळीवर उतरतो. उलट कंटेनर अरुंद करत नेला, तर चौकट काही काळ मुकाट्याने अरुंद होते आणि मग एका क्षणी आणखी आक्रसायला नकार देऊन कंटेनरच्या बाहेर डोकावते. या साऱ्या वागण्यामागे फक्त तीन मापे आहेत. ती ज्याला आधी काढता येतात, त्याला पान उघडण्यापूर्वीच चौकट कुठे थांबेल हे सांगता येते. आणि त्या तिघांपैकी एक माप मराठी मजकुरात इंग्रजीपेक्षा सहसा मोठे येते. म्हणून इंग्रजी पानांवरून उचललेले आकडे आपल्या पानांवर दगा देतात. मराठीतून हा विषय मांडण्याची गरज मला वाटली, ती मुख्यतः या शेवटच्या कारणामुळे.

आधी थोडा इतिहास, कारण नियम आज जसा आहे तसा तो सुरुवातीला नव्हता. १९९४च्या अखेरीस आलेल्या नेटस्केप नॅव्हिगेटरने चित्र डावीकडे की उजवीकडे लावायचे, हे टॅगमध्येच सांगायची सोय दिली. मजकुराला चित्राच्या खाली ढकलणारा 'क्लिअर'ही तेव्हाचाच. तिथे रुंदीचा प्रश्नच नव्हता. २०० पिक्सेलचे चित्र २०० पिक्सेल जागा घेणार. चित्राला स्वतःचे माप असते आणि फ्लोट झालेले चित्र, वेगळी रुंदी सांगितली नसेल तर, आजही तेच माप वापरते. ज्या घटकाला असे स्वतःचे माप नसते, उदाहरणार्थ आयफ्रेम, त्याला ब्राउझर ३०० पिक्सेल धरतो. नवशिक्यांना कुठूनतरी उगवलेला वाटणारा तो ३००चा आकडा हा.

होकोन विउम ली आणि बर्ट बॉस यांनी घडवलेली सीएसएसची पहिली आवृत्ती १७ डिसेंबर १९९६ रोजी वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची शिफारस झाली. तिने फ्लोट चित्रांपुरता ठेवला नाही. परिच्छेद, मथळा, यादी, कशालाही तो देता येऊ लागला आणि खरा पेच तिथे उभा राहिला, कारण परिच्छेदाला स्वतःची रुंदी नसते. मे १९९८मधल्या सीएसएस २ने हा पेच फार कडकपणे सोडवला. मजकुराच्या फ्लोटला रुंदी लिहून दिलीच पाहिजे. ती 'ऑटो' राहिली तर शून्य धरावी. नियम म्हणून हे निःसंदिग्ध आहे, पण शून्य रुंदीच्या चौकटीतून मजकूर बाहेर सांडतो आणि असे पान कोणालाच नको असते. सीएसएस २.१ने नियम बदलला आणि 'ऑटो' म्हणजे आतल्या मजकुराला बेताची होईल इतकी रुंदी, असे ठरवले. ही आवृत्ती शिफारस म्हणून पक्की झाली ७ जून २०११ रोजी, पण ब्राउझर त्याच्या बरीच वर्षे आधीपासून तसे वागत होते. जुन्या लेखांमध्ये 'फ्लोटला विड्थ द्यायलाच हवी' असा जो दंडक सापडतो, तो १९९८च्या नियमातून आलेला आहे. आज ती सक्ती नाही. रुंदी लिहिणे पुष्कळदा शहाणपणाचे असते हे खरे, पण त्याची कारणे निराळी आहेत.

आता ती तीन मापे. पहिले कमाल माप: मजकूर कुठेही न मोडता, जिथे आपण स्वतः ओळ तोडली आहे तेवढीच तोडून, एका सरळ ओळीत मांडला तर लागणारी रुंदी. दुसरे किमान माप: जिथे जिथे ओळ मोडण्याची मुभा आहे तिथे तिथे मोडली तर सर्वांत रुंद न तुटणारा तुकडा जेवढा, तेवढी रुंदी. साध्या मजकुरात हा तुकडा म्हणजे सर्वांत लांब शब्द. तिसरे उपलब्ध माप: कंटेनरच्या रुंदीतून त्या चौकटीचे दोन्ही बाजूंचे मार्जिन, बॉर्डर आणि पॅडिंग वजा केल्यावर उरते ते. नियम असा, की किमान आणि उपलब्ध यांतले मोठे घ्या, मग त्याची कमाल मापाशी तुलना करा आणि दोहोंतले लहान ठेवा.

कंटेनर ६०० पिक्सेलचा आहे असे समजू. चौकटीला दोन्ही बाजूंना २० पिक्सेल पॅडिंग, १ पिक्सेल बॉर्डर आणि फक्त उजवीकडे १८ पिक्सेल मार्जिन आहे. ४०, २ आणि १८ मिळून ६० गेले, उपलब्ध माप ५४०. आत 'पुढे वाचा' एवढेच असेल आणि ते एका ओळीत ९० पिक्सेल घेत असेल, तर चौकट ९०ची. तिला ५४० मिळत होते, पण कमाल मापापलीकडे जागा घ्यायचा तिला अधिकार नाही. आता आत मोठा परिच्छेद टाका, ज्याचे कमाल माप २३०० आणि किमान माप १३० आहे. चौकट ५४०ची होते. कंटेनर ३२०वर आणला की उपलब्ध २६० आणि चौकटही २६०. कंटेनर १८०वर आणला की उपलब्ध उरते १२०, पण किमान माप १३० आहे, म्हणून चौकट १३०वर थांबते. पॅडिंग, बॉर्डर, मार्जिन धरून ती १९० पिक्सेल जागा मागते, म्हणजे कंटेनरपेक्षा १० पिक्सेल जास्त. मोबाइलवर पान आडवे सरकू लागते तेव्हा कारण बरेचदा असेच कुठेतरी दडलेले असते.

कमाल आणि किमान मापे नेमकी कशी मोजायची, याची बारीक रीत सीएसएस २.१ने लिहून दिली नाही. हा हिशेब टेबलाच्या आपोआप आखल्या जाणाऱ्या रकान्यासारखाच आहे, एवढे सांगून तिने विषय ब्राउझरवर सोपवला. पुढे सीएसएस सायझिंगच्या तिसऱ्या पातळीने या मापांना नावे दिली: मिन-कंटेंट, मॅक्स-कंटेंट आणि दोहोंच्या मधली तडजोड म्हणजे फिट-कंटेंट. नावे मिळाल्याचा लाभ असा, की आता ही मापे थेट रुंदीच्या जागी लिहिता येतात.

या नियमातून दोन गोष्टी निघतात आणि त्या नीट न कळल्यामुळे सर्वाधिक घोळ होतात. पहिली अशी, की मजकूर एकदा दुसऱ्या ओळीवर गेला की चौकट पुन्हा मोजली जात नाही. वरच्या उदाहरणात चौकट ५४०ची ठरली. शब्द जसे तुटायचे तसे तुटले आणि सर्वांत लांब ओळ भरली ५१५ची. उरलेले २५ पिक्सेल चौकटीतच रिकामे राहतात. पार्श्वरंग दिला असेल तर उजवीकडची ही पट्टी डोळ्यांना खुपते आणि आपण पॅडिंगमध्ये चूक शोधत राहतो. चूक नसतेच. रुंदी ओळी पाडण्याच्या आधी ठरते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. उपलब्ध माप काढताना ब्राउझर शेजारच्या फ्लोटची जागा वजा करत नाही. ६०० पिक्सेलच्या कंटेनरमध्ये डावीकडे २०० पिक्सेलचा दुय्यम रकाना फ्लोट केला आहे आणि मुख्य मजकुराच्या चौकटीलाही, रुंदी न देता, फ्लोट दिला आहे. आपली अपेक्षा अशी, की ती उरलेल्या ४००मध्ये बसेल. पण ती स्वतःचे माप पूर्ण ६००वरून काढते, मजकूर लांब असल्यामुळे ६००ची होते, शेजारी मावत नाही आणि रकान्याच्या खाली उतरते. मजकूर चार शब्दांचा असता तर तीच चौकट शेजारी सुखाने बसली असती. चाचणीच्या वेळी नीट दिसणारे पान खरा मजकूर भरल्यावर कोसळते ते यामुळे. त्यावर उपाय दोन. एक तर रुंदी लिहून द्यायची. नाहीतर मुख्य मजकुराला फ्लोट द्यायचाच नाही, तर 'डिस्प्ले'ची किंमत फ्लो-रूट करायची. मग ती चौकट फ्लोटच्या शेजारी उरलेल्या जागेत स्वतःला बसवते. मला हा दुसरा उपाय जास्त पसंत आहे, कारण त्यात रकान्याची रुंदी बदलली तरी मुख्य चौकटीचा आकडा पुन्हा काढावा लागत नाही.

साधारण २००२पासून पुढची पंधरा वर्षे वेबवरची बहुतेक मोठी पाने फ्लोटवर उभी होती. ऑक्टोबर २००२मध्ये वायर्ड न्यूजने आणि पुढच्या वर्षी ईएसपीएनने टेबलांची मांडणी सोडून सीएसएस स्वीकारले, तेव्हा मोठ्या संकेतस्थळांनाही हे जमते असा विश्वास या क्षेत्रात आला. मे २०१०मध्ये ईथन मार्कॉट यांनी रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनची कल्पना मांडली. तिच्यातल्या लवचिक रकान्यांचा पाया टक्केवारीत लिहिलेल्या रुंदीचा: हव्या मापाला कंटेनरच्या मापाने भागा आणि येईल तो आकडा द्या. ऑगस्ट २०११मध्ये ट्विटरमधून बाहेर आलेल्या बूटस्ट्रॅप या तयार सीएसएस-संचाची जाळी तिसऱ्या आवृत्तीपर्यंत फ्लोटचीच होती. या सगळ्यांनी प्रत्येक रकान्याला रुंदी दिली, कारण वर सांगितलेली शेजाऱ्याची अडचण टाळायला त्या काळी तोच भरवशाचा रस्ता होता.

टक्केवारीची रुंदी मजकुराकडे पाहतच नाही. ती कंटेनरच्या रुंदीवरून निघते आणि किमान-कमालचा प्रश्न बाजूला पडतो. तरीही तिसरा रकाना खाली पडायचाच. ६००च्या कंटेनरमध्ये तीन समान रकाने म्हणजे प्रत्येकी २००. पण सीएसएसमध्ये रुंदी म्हणजे मुळात फक्त मजकुराची रुंदी. पॅडिंग तिच्यावर चढते. दोन्ही बाजूंना १० पिक्सेल पॅडिंग दिले की प्रत्येक रकाना २२०चा, तिघांचे मिळून ६६० आणि तिसरा खाली. 'बॉक्स-सायझिंग' बॉर्डर-बॉक्स केली की पॅडिंग आणि बॉर्डर त्या २००च्या आतच मोजले जातात. २०१३च्या बूटस्ट्रॅप ३ने ही सवय सगळ्या घटकांना एकदम लावली आणि ती इतकी पसरली, की आज शिकणाऱ्याला मूळचा हिशेब वेगळा आहे हे ठाऊकही नसते.

आता चित्र आणि चित्रओळ. फ्लोटचे मूळ काम तेच आणि या विषयाची सारी खुमारी तिथेच आहे. ३०० पिक्सेलचे चित्र, त्याखाली दोन वाक्यांची चित्रओळ, दोन्ही मिळून एका चौकटीत, चौकटीला फ्लोट, रुंदी ऑटो. आपल्याला हवे असते की चौकट चित्राएवढी राहावी आणि चित्रओळ तेवढ्यातच मोडावी. ब्राउझर मात्र आत जे जे आहे त्यांतले सर्वांत मोठे कमाल माप धरतो. चित्राचे कमाल माप ३००, चित्रओळीचे समजा ९००. कंटेनर ६००चा असेल तर चौकट ६००ची होते. चित्र डाव्या कोपऱ्यात राहते, चित्रओळ पानभर पसरते आणि ज्या मजकुराने चित्राच्या बाजूने वाहायचे तो बिचारा खाली जातो. नियमानुसार हे अगदी बरोबर आहे आणि वाचकाच्या दृष्टीने साफ चूक आहे.

विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीने या अडचणीवर काय केले, ते पाहण्यासारखे आहे. मराठी विकिपीडियावरही तेच सॉफ्टवेअर आहे, त्यामुळे प्रयोग हाताशी आहे. पूर्वी प्रत्येक लहान चित्राच्या चौकटीला रुंदीचा आकडाच लिहिला जाई: २२० पिक्सेलच्या चित्राला २२२, म्हणजे दोन बाजूंच्या बॉर्डरचे दोन धरून. पुढच्या रचनेत आकडा लिहिण्याऐवजी चौकटीला टेबलाचे आणि चित्रओळीला टेबलाच्या शीर्षकाचे रूप दिले. टेबलाची रुंदी ठरवताना शीर्षकाचे कमाल माप मोजत नाहीत, त्यामुळे चौकट चित्रावरून रुंद होते आणि चित्रओळ आपोआप तेवढ्यात मोडते. आज चौकटीला मिन-कंटेंट रुंदी देऊनही बरेचसे हेच साधते, पण एका अटीवर. चित्राला कमाल रुंदी १०० टक्के दिली असेल, तर किमान माप काढताना असे चित्र शून्य धरले जाते, कारण टक्केवारी ज्या चौकटीवरून काढायची तिचीच रुंदी अजून ठरलेली नसते. मग चौकट चित्रओळीतल्या सर्वांत लांब शब्दाएवढी होते आणि चित्र त्या शब्दाच्या मापाचे दिसू लागते. टक्केवारी आणि आक्रसणारी चौकट एकत्र आली की हे चक्र नेहमी तपासावे.

मराठीचा प्रश्न इथेच सुरू होतो. किमान माप सर्वांत लांब शब्दावर ठरते आणि देवनागरीत ओळ मुख्यतः मोकळ्या जागेपाशीच मोडते. आपली विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात, त्यांवर पुन्हा प्रत्यय चढतात. 'विद्यार्थ्यांसाठीच्या', 'जिल्हाधिकाऱ्यांकडूनसुद्धा', 'महानगरपालिकेमार्फत' हे आपल्या बातम्यांमधले आणि सरकारी सूचनांमधले रोजचे शब्द आहेत आणि प्रत्येकात मोडायला एकही जागा नाही. जिथे इंग्रजी मजकुराला तीन-चार छोटे तुकडे मिळतात, तिथे आपला एक सलग तुकडा असतो. इंग्रजी पानासाठी आखलेला १२० पिक्सेलचा कडेचा रकाना मराठीत सांडतो तो यामुळे. रकान्याची रुंदी लिहून दिलेली असेल, तर चौकट हलत नाही आणि शब्द तिच्या बाहेर जाऊन शेजारच्या मजकुरावर चढतो, म्हणजे वाचण्याच्या दृष्टीने आणखी वाईट.

शब्द तोडायची मुभा देता येते, पण ती कशी दिली यावर माप बदलते. 'ओव्हरफ्लो-रॅप'ला ब्रेक-वर्ड दिले तर गरज पडेल तिथे शब्द तुटतो, मात्र किमान माप काढताना ही मुभा धरली जात नाही. आक्रसणारी चौकट अखंड शब्दाएवढीच राहते. तिथेच एनीव्हेअर दिले तर मुभा मोजली जाते आणि किमान माप एका अक्षरापर्यंत उतरू शकते. दोन्हींचा परिणाम लिहून दिलेल्या रुंदीत सारखाच दिसतो, फ्लोटमध्ये मात्र फार वेगळा. मला स्वतःला मराठीत यांपैकी काहीच मनापासून आवडत नाही, कारण शब्द कुठेही तुटला की वाचणाऱ्याला ठेच लागते. लांब शब्दात मूळ रूप आणि प्रत्यय यांच्या सांध्यावर सॉफ्ट हायफन घालावा. 'महानगरपालिके' आणि 'मार्फत' यांच्यामधली मोड मराठी डोळ्याला चालते, छापील वर्तमानपत्रांच्या अरुंद रकान्यांनी ती सवय आपल्याला लावलेली आहे. ब्राउझर ती जागा किमान मापात धरतो आणि एरवी ते चिन्ह दिसत नाही.

फॉन्टचाही यात हात असतो. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा वेबफॉन्ट उतरेपर्यंत ब्राउझर संगणकावरच्या फॉन्टने मजकूर मांडतो. जोडाक्षरे दोन फॉन्टांत वेगळी बसतात: एकात अक्षर एकाखाली एक जुळते, दुसऱ्यात ते आडवे पसरते किंवा हलन्त दाखवून सुटे राहते. फॉन्ट बदलला की कमाल आणि किमान दोन्ही मापे बदलतात आणि नुकतीच शेजारी बसलेली चौकट वाचकाच्या डोळ्यांदेखत खाली उतरू शकते.

फ्लेक्सबॉक्स आणि मार्च २०१७पासून एकामागून एक ब्राउझरांत आलेला ग्रिड यांनी रकाने पाडायचे काम फ्लोटच्या अंगावरून उतरवले, आणि ते योग्यच झाले. मजकूर चित्राभोवती वाहता ठेवणे मात्र आजही फ्लोटकडेच आहे. आणि ही तीन मापे फ्लोटपुरती कधीच नव्हती. इनलाइन-ब्लॉक आणि पानावर सुटी ठेवलेली अ‍ॅब्सोल्यूट चौकट याच सूत्राने रुंद होतात. फ्लेक्समधला घटक ठरावीक मर्यादेखाली आक्रसत नाही, तिथे बहुधा हेच किमान माप आडवे आलेले असते. ग्रिडचा ऑटो पट्टा याच किमान आणि कमालच्या मध्ये हलतो. म्हणून ग्रिडपासून सुरुवात करणाऱ्यानेही हा भाग टाळू नये असा माझा आग्रह आहे.

पुढच्या प्रकरणांचा क्रम त्यानुसार लावला आहे. आधी चित्र, कारण त्याचे माप ठरलेले असते. मग एका शब्दाचे लेबल, मग परिच्छेद, मग चित्रओळीसकट चित्र, त्यानंतर शेजारी-शेजारी फ्लोट, आणि फ्लेक्स व ग्रिड शेवटी. सरावाच्या नमुन्यांत 'लोरेम इप्सम' कुठेही वापरलेले नाही. त्या लॅटिन वळणाच्या मजकुरातले शब्द इतके आखूड असतात, की किमान मापाची अडचण दिसतच नाही आणि पान खोटे आश्वासक वाटते. त्याऐवजी शासकीय सूचना, गावांची नावे आणि निकालपत्रांतला मजकूर घेतला आहे. प्रत्येक नमुना ब्राउझरात उघडण्यापूर्वी कंटेनर ३२० पिक्सेलपर्यंत अरुंद केला तर चौकट कोणत्या शब्दापाशी थांबेल, हे कागदावर लिहावे आणि मग खिडकी हळूहळू ओढून तपासावे.